सहावं ठिकाण

शाळेत कुणी विचारलं, "तुझी आत्या काय करते गं?" की मी सांगायचे, "वाळू बघते." पोरी फिदीफिदी हसायच्या. एकदा मी घरी येऊन रडवेल्या तोंडानं तक्रार केली, तर आत्या स्वेटरची बाही वर सारत म्हणाली, "मग बरोबरच सांगितलंस की. वाळूच बघते मी."

"मग काय दिसतं?"

"काल होती तीच."

"आणि परवा?"

"परवाही तीच. बदलत नाही म्हणून तर तिच्याकडे बघायचं."

तिचं काम मला नीट कळलं ते फार पुढे, आणि ज्या प्रसंगानं कळलं तो घडला नसता तर बरं झालं असतं. पण ते काम आधीच सांगून टाकते. उपग्रहावर कॅमेरा बसवतात तो एकदा वर गेला की गेला. त्याची काच पुसायला कुणी जाऊ शकत नाही. वर्षं जातात तसा तो मंदावतो, पण किती मंदावला हे त्याचं त्याला सांगता येत नाही. मग त्याला पुन्हापुन्हा अशी एखादी गोष्ट दाखवायची, जी स्वतः बदलत नाही. शेतं बदलतात, जंगलं बदलतात, समुद्र तर घडीघडीला बदलतो. उरतं वाळवंट. जिथं पाऊस नाही, गवत नाही, माणूस नाही, अशी सहा ठिकाणं आत्याच्या संस्थेनं निवडली होती. ठिकाण म्हणजे नकाशावरचा एक चौकोन. उपग्रह वरून गेला की त्या चौकोनातून किती उजेड आला त्याचा आकडा यायचा आणि आत्या तो मांडून ठेवायची. आकडे वर्षानुवर्षं उतरत गेले, तर वाळू काळी पडलेली नसते. वरचं यंत्र अधू झालेलं असतं.

आणि ते यंत्र माझ्या बाबांच्या हातचं होतं.

बाबा म्हणजे तिचा दादा, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील गेले तेव्हा बाबा सतरा वर्षांचे होते आणि आत्या पाच. बाबांनी शाळा सोडली आणि चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात लागले. तिथून दुर्बिणीच्या काचा, तिथून संस्थेची कार्यशाळा. हातात पदवी नाही, पण कॅमेऱ्यातला आरसा घासावा तर त्यांनीच, असं तिथले मोठे शिकलेले लोकही म्हणायचे. जेवायला बसण्याआधी बाबा तीनदा हात धुवायचे. घासायच्या पावडरीचा लालसर रंग तरीही नखांच्या कडेला राहायचाच.

आत्याचं शिक्षण त्यांच्या पगारावर झालं. आई लग्न होऊन घरात आली तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती. तिच्या वेण्या आईनं घातल्या, तिचे गणवेश आईनं आपल्या मशीनवर शिवले. आई म्हणायची, "माझं पहिलं लेकरू हीच. तू दुसरी." बाबा तिला 'बारके' म्हणायचे. ती चाळिशीची झाली, केस पिकायला लागले, तरी बारकेच.

आत्यानं लग्न केलं नाही. माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. कुणी विषय काढला की बाबाच उत्तर द्यायचे, "अहो, तिला मुलगा दाखवून उपयोग नाही. ती म्हणते, आधी दहा वर्षं निरीक्षण करू, बदलत नाही ना ते बघू, मग ठरवू." सगळ्यांत जास्त आत्याच हसायची. चहात साखर किती, विचारलं तर म्हणायची, "दोन चमचे, अधिक-उणे पाव." संस्थेत तिला 'वाळूबाई' म्हणत. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यांत लांब, तिची खोली होती. एक टेबल, एक पडदा, भिंतीवर सहा लांबलचक आलेख. बाबांची कार्यशाळा मागच्या अंगणापलीकडे. दुपारी डबा खायला ती अंगण ओलांडून त्यांच्याकडे जायची. दोघं भाऊ-बहीण एका बाकावर बसून जेवायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. बोलायला घर होतंच.

मी बारा वर्षांची असताना ते यंत्र वर गेलं. सगळी कार्यशाळा पडद्यासमोर जमली होती, आम्हालाही नेलं होतं. पहिलं चित्र आलं तेव्हा बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. कुणीतरी त्यांना पुढे ओढलं. ते नुसते म्हणाले, "कडा स्वच्छ आहेत." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्वतःची स्तुती मी कधी ऐकली नाही.

सातव्या वर्षी आकडे उतरलेले दिसू लागले.

आत्यानं आधी महिनाभर कुणाला सांगितलं नाही. पुन्हापुन्हा मांडलं, पुन्हापुन्हा तपासलं. जेवताना ताटात बघत बसायची. आईला वाटलं पोटाचं काही आहे. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं बाबांना बसवून घेतलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, भांडी विसळत होते. पाणी बंद करावं की चालू ठेवावं ते मला कळेना.

"दादा, तुझं यंत्र उतरतंय," ती म्हणाली.

"किती?"

"सात वर्षांत चार टक्के. थोडं वरच."

बाबांनी टेबलावरचा चमचा उचलून पुन्हा खाली ठेवला. "आरशावरचा चकाकीचा मुलामा गेला म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. आकडे उतरतायत एवढंच म्हणते."

"सहाही ठिकाणी?"

"पाच ठिकाणी. सहावं नीट बोलत नाही. तिथं धुळीचा गोंधळ फार, आकडे वरखाली होतात. मी ते बाजूला काढलंय."

"ते काय सांगतं?"

"ते फारसं उतरत नाही."

"मग त्याला विचार ना, बाकीच्यांसारखं का नाही बोलत ते."

"दादा, पाच ठिकाणं एकच गोष्ट सांगतायत."

"पाच जण सांगतात म्हणून खरं, हा गल्लीतला न्याय झाला," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बारके, तो मुलामा मी स्वतः बघितलाय. एखादा टक्का जाईल, मी नाही म्हणत नाही. चार नाही जाणार. सहा महिने थांब. काहीतरी दुसरं निघेल."

"पुढच्या महिन्यात समिती बसतेय. दुसऱ्या यंत्राचं ठरायचंय. माझा अहवाल त्याच्याआधी हवाय."

"सहा महिने."

"मी थांबले तर लोक म्हणतील, भावासाठी थांबली."

बाबा म्हणाले, "तर मग लिही. तुझं काम आहे. मला सांभाळून घेऊन खोटं लिहू नकोस." आणि उठून हात धुवायला गेले.

पुढे कित्येक वर्षांनी आत्या मला म्हणाली, की अहवाल तिनं ज्याच्याबद्दल लिहिला तो दुसरा कुणी असता, तर ती थांबली असती. सहाव्या ठिकाणाचा छडा लावल्याशिवाय तिनं कागद पुढे केला नसता. भाऊ होता म्हणून ती घाईनं कडक झाली. साहेबांना, म्हणजे विभागप्रमुखांना, तिनं नातं सांगितलंही होतं. ते म्हणाले, "अहो, मग दुसरं कोण बघणार? वाळू बघणारं माणूस आपल्याकडे एकच."

समिती बसली. आकडे उतरतायत म्हणजे कुठं तरी चूक झालीय, आणि चूक झालीय म्हणजे कुणाची तरी झालीय. जुन्या नोंदवह्या निघाल्या. आरशाला मुलामा चढवला त्या दिवशी हवा गाळणारा पंखा वीस मिनिटं बंद पडला होता. ही नोंद बाबांनीच केली होती, आपल्या अक्षरात, वेळ घालून, खाली सही करून. नोंद नसती तर कुणाला कळलंही नसतं. तेवढं समितीला पुरलं. दुसरं यंत्र बाबांच्या हातून काढून घेतलं आणि त्यांना भांडारात बसवलं. स्क्रू, हातमोजे, पुसायची फडकी कार्यशाळेतल्यांना मोजून द्यायची आणि त्यांची सही घ्यायची, हे काम. निवृत्तीला दोन वर्षं होती.

बाबांनी भांडण केलं नाही. आईनं केलं, तेही आत्याशी. "तुला शिकवलं कुणी? तुझ्या फीसाठी त्यानं दोन हिवाळे एका कोटावर काढले, माहीत आहे तुला?" आत्या म्हणाली, "माहीत आहे, वहिनी." आई म्हणाली, "माहीत असून लिहिलंस!" खरं तर तेव्हा आत्याचंही काही चुकलेलं दिसत नव्हतं, आईचंही नाही, आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

महिन्याभरात आत्यानं दोन गल्ल्या पलीकडे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. सामान न्यायला मीच मदत केली. सामान तरी काय, दोन पेट्या आणि पुस्तकं. बाबा दारात उभे होते. "पायरी बघ," एवढंच म्हणाले, कारण तिच्या हातात पेटी होती.

त्यानंतर त्यांच्यात अबोला होता असंही म्हणता येणार नाही. रविवारी सकाळी ती यायची. बाबा वर्तमानपत्र वाचत असायचे. ती समोर बसायची. "चहा घेतेस?" "घेते." "थंडी पडली." "हो." तासाभरानं ती उठायची. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायचीच नाही. संस्थेतही ती डबा आपल्या खोलीतच खायला लागली. भांडार तळमजल्यावर, जिन्याच्या खाली होतं. वर जाताना रोज तिला त्या खिडकीवरून जावं लागायचं. एकदा तिला पेन्सिली हव्या होत्या. बाबांनी वही पुढे सरकवली, तिनं सही केली, त्यांनी चार पेन्सिली मोजून दिल्या. ही हकीकत तिनंच मला सांगितली. "चारच?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "चारच मागितल्या होत्या," ती म्हणाली.

बाबा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत थकले. छातीचं दुखणं होतं. घासण्याच्या धुळीनं म्हणा, वयानं म्हणा, डॉक्टर दोन्ही म्हणाले. शेवटच्या महिन्यात आत्या रोज यायला लागली. आईनंही दार अडवलं नाही. एका दुपारी ती त्यांच्या पाठीमागे उशी नीट करत होती, तेव्हा बाबांनी विचारलं, "तुझी वाळू कशी आहे?"

"आहे तशीच."

"बरं," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मी खोलीतच होते. मला वाटलं, आता दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोलेल. आत्यानं उशी पुन्हा एकदा सारखी केली. चार दिवसांनी, सकाळी शर्टाची बटणं लावता लावता, बाबा गेले.

त्यानंतर दीड वर्षानं आत्या आयुष्यात पहिल्यांदा वाळवंट बघायला गेली.

गंमत वाटेल, पण खरं आहे. वीसेक वर्षं जिनं वाळूच बघितली, तिनं पायाखालची वाळू कधी बघितली नव्हती. तिच्या लेखी ठिकाण म्हणजे एक चौकोन आणि एक आकडा. त्या वर्षी दुसरं यंत्र वर गेलं, आणि ते बरोबर बघतंय का हे पडताळायला प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी करायची ठरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच नाव दिलं. मला वाटतं तिला घरापासून लांब जायचं होतं.

चार माणसं, दोन गाड्या, पत्र्याची एक खोली. पाच ठिकाणांपैकीच ते एक. सकाळपासून दर अर्ध्या तासानं एक पांढरी पाटी मांडायची, आधी तिचा उजेड मोजायचा, मग वाळूचा. पहिल्या दिवशी सकाळी नऊला आत्या मोजणीचं यंत्र खांद्याला लावून चालायला लागली आणि थबकली. वाळू सपाट नव्हती. बोटभर उंचीच्या लाटाच लाटा, नजर जाईल तिथवर. प्रत्येक लाटेची एक बाजू उजळ आणि दुसरीवर सावली. लांबून बघितलं तर सगळी जमीनच मंद, करडी दिसत होती.

गाडीवाला तिथलाच, पंचवीस वर्षं त्या वाटेनं गाडी हाकणारा. तो तिला म्हणाला, "बाई, गाडी चालवायची तर सकाळीच. सकाळी सावली असते, उंचसखल कळतं. दुपारी सगळं पांढरंफटक, लाटा आहेत की नाहीत ते पण दिसत नाही. गाड्या फसतात त्या दुपारीच."

आत्यानं त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तिला काय कळलं ते सांगते. तो जुना उपग्रह सुरुवातीला रोज साडेदहाच्या सुमाराला वाळवंटावरून जायचा. मग इंधन वाचवायचं म्हणून त्याची वाट सुधारणं थांबवलं आणि तो दरवर्षी काही मिनिटं लवकर यायला लागला. सातव्या वर्षी पाऊण तास लवकर. सूर्य तेवढा खाली, सावल्या तेवढ्या लांब, वाळू तेवढी अंधारी. सूर्य खाली असल्याचा हिशोब आत्यानं धरला होता, नाही असं नाही. पण तो धरताना वाळू कागदासारखी सपाट मानली होती. सगळेच तसं मानायचे. सावल्यांनी पडला तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडेल, असं तिनं एका टिपणात लिहूनही ठेवलं होतं.

दुपारी तिनं गाडीवाल्याला विचारलं, "इथून दोन दिवसांच्या वाटेवर एक मोठं मैदान आहे. तिकडे गेलात कधी?"

"ते होय? तिथं कुठली वाळू! नुसती बारीक खडी. टणक, टेबलासारखं सपाट. सावली पडायला तिथं उंचवटा तर पाहिजे!"

ते सहावं ठिकाण होतं.

आत्या म्हणाली, ती गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली. बाकीच्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी तिच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, पाणी पाजलं. तिनं पाणी घेतलं, आणि साडेतीनची मोजणी चुकायला नको म्हणून उठली. सगळ्या दिवसांच्या सगळ्या मोजण्या पूर्ण करूनच परत आली.

चार महिने बसून तिनं सगळं पुन्हा मांडलं. चार टक्क्यांतले तीन टक्के सावल्यांचे होते. खरी उतरण होती एका टक्क्याची. बाबांनी सांगितली होती तेवढीच.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "अहो, ते यंत्र बंद होऊन दोन वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार?"

"आकडे अजून वापरले जातायत, साहेब. पिकांचे, बर्फाचे, सगळ्यांचे. यंत्र उतरलं समजून मी केलेल्या दुरुस्तीनं ते फुगलेत. ते सुधारायला हवेत."

"ते ठीक आहे. त्यासाठी एक पान पुरेल. हे बारा पानांचं कशाला? आणि हे काय लिहिलंय, 'सहावं ठिकाण वगळण्यास पुरेसं कारण नव्हतं, तो निर्णय माझा होता'? असं कुणी लिहितं का?"

"त्या निर्णयावरून एक माणूस भांडारात बसला होता."

साहेबांनी मान खाली घातली आणि सही केली. बारा पानं तशीच्या तशी छापली गेली. संस्थेनं त्यावर चार ओळींचं परिपत्रक काढलं, की आधीच्या निष्कर्षाचा कार्यशाळेशी संबंध जोडू नये. ते सूचनाफलकावर आठवडाभर होतं. बाबांबरोबर काम केलेले दोघं-तिघं उरले होते, त्यांनी वाचलं असेल.

मग ती आईला सांगायला आली. मी सुट्टीला घरी होते. आई मशीनवर पडद्याची किनार शिवत होती. आत्यानं उभ्यानंच सांगितलं, सरळ, काही न लपवता. मशीन थांबलं.

"म्हणजे तो खरं बोलत होता," आई म्हणाली.

"हो."

"सहा महिने मागितले होते त्यानं तुझ्याकडे. मी आतून ऐकत होते."

"हो, वहिनी."

"आणि हे मला सांगून काय करू मी? त्याला सांगायला हवं होतं हे."

आईनं सुईखालचं कापड सरळ केलं. "जा तू. राग नाही, पण आज माझ्यासमोर थांबू नकोस."

तो 'आज' वर्षभर चालला. आत्या रविवारी खाली रस्त्यावरून जायची, वर बघायची, आणि पावाच्या दुकानावरून वळून आपल्या खोलीकडे जायची. शेजारणीनं मला कळवलं तेव्हा कळलं. मी आईला म्हटलं, "बोलव ना तिला." आई म्हणाली, "मी कुठं नको म्हटलंय? दार काय मी खिळे ठोकून बंद केलंय?" पण हाक काही मारली नाही. आणि खरं सांगायचं तर मीही आत्याला त्या वर्षात दोनच पत्रं लिहिली. मलाही बाबांची भांडारातली खिडकी दिसायची.

पुढच्या हिवाळ्यात आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. माझी नोकरी दुसऱ्या शहरात, मला यायला दोन दिवस लागणार होते. मी पोहोचले तेव्हा इस्पितळात आईच्या उशाशी आत्या बसलेली, आणि आई तिला कुरकुरत सांगत होती, "अगं, केस ओढतायत माझे, हळू." आत्या तिची वेणी घालत होती.

आई घरी आली तशी आत्याही आली, माडीवरच्या तिच्या जुन्या खोलीत. दोघींत कसलंही बोलणं ठरलं नाही. आत्यानं लवकर निवृत्ती घेतली. औषधं, व्यायाम, पलंगाखालचं भांडं, सगळं तीच करायची. मी महिन्यातून एकदा जायचे. आई तिच्यावर खेकसायची, पाणी गार आहे, उशी उंच आहे, आणि आत्या "हो वहिनी" म्हणत दुरुस्त करायची. कधीकधी मला ते बघवत नसे.

वसंताच्या सुमाराला, एका दुपारी, आई एकाएकी म्हणाली, "ते तुझं बारा पानांचं काय ते आहे ना, वाच."

"वहिनी, ते नुसते आकडे आहेत. तुम्हाला कंटाळा येईल."

"येऊ दे. वाच."

आत्यानं माडीवरून कागद आणले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. सूर्याचा कोन, लाटांची उंची, मोजणीच्या वेळा. सगळं वाचलं, तक्तेसुद्धा, ओळीनं. आई छताकडे बघत पडून होती. मला वाटलं, झोपली. तर मध्येच म्हणाली, "थांब. म्हणजे नुसती सावली होती?"

"सावली होती."

"त्याच्या हातात दोष नव्हता."

"नव्हता. एक टक्का उतरलं होतं ते खरं. तेवढं कुठलंही यंत्र उतरतं."

"तो एक टक्का पण लिहिलायस?"

"लिहिलाय."

आई छताकडे बघतच म्हणाली, "बरं केलंस. नसता लिहिलास तर तो म्हणाला असता, मला सांभाळून घेतलंस." मग तिनं हात पलंगाबाहेर काढला. मला वाटलं आत्याचा हात धरतेय. पण तिनं फक्त पाण्याचा पेला मागितला. आत्यानं दिला. आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "हं, पुढे वाच."

आत्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचलं. शेवटी कामात मदत केलेल्यांची नावं होती. त्यात गाडीवाल्याचंही होतं. बाबांचं नव्हतं. आईनं विचारलंच, "त्याचं नाव नाही?"

"घालायचं होतं. पण वहिनी, तिथं आभार मानतात. मला आभार मानायचे नव्हते. मला जे म्हणायचं होतं ते अशा कागदात कुठं लिहितात ते मला माहीत नव्हतं."

आईनं भिंतीकडे कूस बदलली. तिचे खांदे हलत होते. आत्या कागद मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, आणि मी दोघींच्या मध्ये उभी, काय करावं ते न सुचून.

आता दोघींचं गोडीगुलाबीचं चाललंय असं मी म्हणणार नाही. आई काठी घेऊन चालते. दोघी एका टेबलावर जेवतात, मिठावरून वाद घालतात. काही दिवस आईला बाबांची आठवण फार येते, आणि त्या दिवशी ती आत्याशी बोलत नाही. आत्या तो दिवस माडीवर काढते आणि दुसऱ्या दिवशी खाली येते.

मागच्या खेपेला आई दुपारची झोपली होती. आत्या आणि मी पायऱ्यांवर उन्हाला बसलो होतो. बरीच वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. "आत्या, तू थांबली असतीस, बाबा कार्यशाळेतच राहिले असते, तर अजून जगले असते का गं?"

तिच्या पद्धतीनं तिनं त्याचा खरोखर विचार केला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "माणूस एकच होता. एकावरून काही सांगता येत नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी खूप वेळा मांडून बघितलंय. नाही सांगता येत."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. चाक करकरत होतं, ते वळेपर्यंत आम्ही ऐकलं. मग आतून आईनं हाक मारली आणि आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "आले, वहिनी," म्हणाली आणि आत गेली.